चिप तिकडे अडली, लेथ इकडे थांबलं



'उद्योगधंदे' हा धडा शिकवताना आपण फळ्यावर एक सरळ साखळी काढतो: कच्चा माल, कारखाना, बाजारपेठ. पण त्यातली एक कडी तुटली तर काय होतं, हे सांगायचं राहूनच जातं. २०२१ ची चिपटंचाई आठवून बघा.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये मोटारकंपन्यांनी चिपच्या ऑर्डरी कमी केल्या. त्याच वेळी घरून काम आणि ऑनलाइन शाळेमुळे लॅपटॉपची मागणी वाढली आणि चिप तिकडे वळल्या. गाड्यांची मागणी परत आली, तोवर मोटारकंपन्यांचा नंबर मागे गेला होता. त्यात फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासच्या हिमवादळाने चिपचे कारखाने बंद पडले आणि मार्चमध्ये जपानमध्ये रेनेसास कंपनीच्या कारखान्याला आग लागली. सप्टेंबरमध्ये महिंद्राने वाहननिर्मिती सुमारे ७ दिवस बंद ठेवण्याचं जाहीर केलं.

आता चाकण-भोसरीचा विचार करा. गाडी नाही म्हटल्यावर ब्रॅकेट नको, शाफ्ट नको, सीट कव्हर नको. छोट्या वर्कशॉपवाल्याचा चिपशी काडीचा संबंध नाही, पण सुक्याबरोबर ओलंही जळतं. शेडचं भाडं आणि मशीनच्या कर्जाचा हप्ता काही थांबत नाही. मग आधी ओव्हरटाइम जातो, नंतर शिफ्ट जाते आणि शेवटी माणूस जातो. कंत्राटी कामगाराला तर 'उद्या येऊ नको' एवढा निरोप पुरतो.

माझं म्हणणं एवढंच आहे, की चिप आज ना उद्या येते, पण गेलेला कारागीर परत येईलच असं नाही. आयटीआयचा टर्नरचा कोर्स २ वर्षांचा असला, तरी हात बसायला पुढे कितीतरी वर्षं मशीनवर उभं राहावं लागतं. 'पी हळद नि हो गोरी' असं इथे चालत नाही. असा माणूस पोटासाठी दुसरीकडे वळला, की त्याचं कसबही त्याच्याबरोबर जातं.

२०११ च्या भूकंपानंतर टोयोटाने पुरवठादारांकडे चिपचा काही महिन्यांचा साठा ठेवायला लावला. म्हणून २०२१ च्या सुरुवातीला तिला झळ कमी लागली. पुढे मात्र तिलाही उत्पादन घटवावं लागलं. चिपचा साठा करता येतो, तर कुशल हात टिकवण्याची तजवीज का नको? निदान लहान उद्योगांचे पैसे वेळेवर द्या. २००६ च्या कायद्यात त्यासाठी जास्तीत जास्त ४५ दिवसांची मुदत आहेच.

पालकहो, यावरून 'आयटीआयच नको' असं मात्र म्हणू नका. मुलाला एकाच मशीनपुरतं अडकू देऊ नका. ड्रॉइंग वाचता येणारा, सीएनसीही चालवणारा टर्नर गाडीचं काम थांबलं तर पंपाचं किंवा शेतीअवजाराचं काम धरू शकतो.

आणि शिक्षकांनो, एक उपक्रम घ्या. वर्गात एक सायकल आणा. तिचा कोणता भाग कशापासून बनतो, तो कोण बनवतो आणि तो मिळाला नाही तर कोणाकोणाचं काम थांबेल, हे मुलांना शोधू द्या. फळ्यावरच्या त्या साखळीत मग त्यांना माणसंही दिसू लागतील.