कोयता हाती येण्यापूर्वी

मध्यरात्री पाच-सहा मुले कोयते नाचवीत वस्तीत शिरतात, रस्त्याकडेला उभ्या वाहनांच्या काचा फोडतात आणि निघून जातात. पिंपरी-चिंचवडकरांना ही बातमी आता नवी वाटत नाही. २०२२-२३पासून ‘कोयता गँग’ हा शब्द आपल्या वृत्तपत्रांत रुळला आहे. पकडलेल्यांत अनेकदा अल्पवयीन मुले असतात. मग सोसायट्यांच्या बैठकांतून एकच सूर निघतो : कायदा कठोर करा, धिंड काढा, पोलीस चौकी वाढवा.

चौकी हवीच. परंतु कायद्याचे काय? २०१५च्या बाल न्याय कायद्याने सोळा ते अठरा वयोगटातील मुलावर, अघोरी गुन्हा असेल तर, मूल्यमापनानंतर प्रौढाप्रमाणे खटला चालविण्याची तरतूद केली. पिंपरी-चिंचवडला २०१८मध्ये स्वतंत्र पोलीस आयुक्तालयही मिळाले. तरीही कोयते म्यान झाले नाहीत. बैल गेल्यावर झोपा करण्याचा हा उद्योग किती दिवस चालवायचा?

रहाटणी हे एके काळचे पवनाकाठचे खेडे. १९५४मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, पाठोपाठ औद्योगिक वसाहत आली आणि मराठवाड्यापासून खानदेशापर्यंतची कुटुंबे पोटासाठी या परिसरात आली. आज त्यांतल्या कित्येक घरांत बाप कंत्राटी पाळीवर आणि आई चार घरच्या धुण्याभांड्यांवर असते. शाळा सुटल्यापासून आई-बाप परत येईपर्यंतचे चार-पाच तास मुलगा कोणाचा असतो? दहा बाय दहाच्या खोलीत तो थांबत नाही. चौकातला ‘भाई’ मात्र त्याला नावाने हाक मारतो, वडापाव देतो, वेळ देतो. आपण काय देतो?

हे चार तास भरून काढणारी कामे महाराष्ट्रात झाली आहेत. पुण्यात १९७९मध्ये किशाभाऊ पटवर्धनांनी स्व-रूपवर्धिनी सुरू केली आणि वस्तीतल्या मुलांसाठी शाळेबाहेरच्या वेळेत संस्काराची व अभ्यासाची व्यवस्था उभी केली. रहाटणीपासून हाकेच्या अंतरावर, चिंचवडगावात, क्रांतिवीर चापेकर स्मारक समितीचे पुनरुत्थान समरसता गुरुकुलम् आहे. ज्या पारधी समाजावर इंग्रजांनी जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्याची मुले येथे शिकतात आणि हातांत कारागिरीची हत्यारे धरतात. ज्यांना शतकभर ‘गुन्हेगार’ म्हटले गेले, त्यांच्या मुलांबाबत हे घडू शकते, तर काळेवाडीच्या पोराबाबत का घडू नये?

उत्तर कटू आहे. अशा कामाला पैसा मिळतो तो वह्यावाटपापुरता आणि फलकावरच्या नावापुरता. वस्तीत रोज संध्याकाळी अभ्यासिका चालविणाऱ्या ताईच्या मानधनाचा विषय निघाला की दात्यांचे चेहरे बदलतात. ‘मानधन नको, काही दिसेल असे सांगा,’ असे म्हटले जाते. अहो, मुलगा चौकात दिसत नाही, हेच तर या कामाचे फळ! त्याचे छायाचित्र कसे काढणार?

चाकण-भोसरीच्या कारखान्यांना तर कायद्याची सबबही उरलेली नाही. कंपनी कायद्याच्या कलम १३५नुसार मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावयाची असते. त्यात स्थानिक परिसराला प्राधान्य द्यावे, असे कायदाच म्हणतो. २०२१च्या नियमांनी सुरुवातीचे वर्ष वगळून आणखी तीन वर्षे चालणाऱ्या प्रकल्पाची मुभा दिली. शिक्षण प्रकल्पातील शिक्षकाचे वेतन प्रशासकीय खर्चात नव्हे, प्रकल्पखर्चात धरले जाते. मग मार्चअखेरीस घाईघाईने संगणक वाटून मोकळे होण्याचा अट्टहास कशासाठी?

शासनसंस्थांची तऱ्हा त्याहून न्यारी. २०२१च्या जानेवारीत गुरुकुलम्‌च्या गिरीश प्रभुणे यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच सुमारास महापालिकेची कोट्यवधींच्या मालमत्ताकराची नोटीस चर्चेत आली. एका हाताने गौरव, दुसऱ्या हाताने वसुली!

पण बोट दुसऱ्याकडे दाखविताना तीन बोटे आपल्याकडे वळतात. ‘संस्था आपलीच आहे, चालेलच’ हा आपला आवडता समज. रहाटणीतल्या सोसायटीत सुरक्षारक्षकावर, कॅमेऱ्यांवर, लोखंडी फाटकावर आपण दरमहा बिनतक्रार खर्च करतो. फाटकाबाहेरच्या मुलासाठी त्याचा दहावा हिस्सा तरी काढतो का? तीस कुटुंबांनी दरमहा तीनशे रुपये दिले तर नऊ हजार होतात. एका ताईचे मानधन त्यातून उभे राहू शकते. शिवाय घरातल्या निवृत्त अभियंत्याने आठवड्यातून दोन संध्याकाळी गणित शिकवावे. मुलाच्या आईशी बोलावे, बापाच्या व्यसनाची चौकशी करावी. कारण घर सावरल्यावाचून मूल सावरत नाही.

देणगी एकदाची असते, नाते दरमहाचे. चौकातला भाई रोज हजर असतो. आपणही रोज हजर राहिलो, तरच त्या मुलाच्या हातात कोयत्याऐवजी पाना येईल. सुरुवात कोणी करायची, हा प्रश्न पुढच्या बैठकीवर ढकलू नये. तोवर आणखी एक मुलगा चौकात जाऊन उभा राहिलेला असेल.