जायफळाची बेटे आणि एकाच गिऱ्हाइकाचा करार

बिर्याणीच्या मसाल्यात जायपत्री पडते, तान्ह्या बाळाच्या गुटीत जायफळ उगाळले जाते. हा जिन्नस घरात इतका मुरला आहे की तो मूळचा कुठला, हे कोणी विचारीत नाही. तो बांदा बेटांचा. इंडोनेशियाच्या पूर्वेकडे मलुकू भागात ही मूठभर चिमुकली बेटे आहेत. मध्ये गुनुंग आपी हा जागता ज्वालामुखी. तो १९८८ साली भडकला होता. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत जगाच्या बाजारातले जायफळ इथूनच येई.

बांदाचे लोक बहुतांशी मुसलमान, पेशाने दर्यावर्दी व्यापारी. त्यांना राजा नव्हता. 'ओरांग काया' म्हणजे गावोगावचे मातबर कारभार पाहत. बेटांवर भात पिकत नसे. जावा, मलाया, अरबस्तानचे व्यापारी तांदूळ, साबुदाणा आणि हिंदुस्थानी सुती कापड आणीत व जायफळ नेत. गिऱ्हाइके अनेक, म्हणून भाव बांदाकरांच्या हाती.

१६०२ साली डचांनी काही ओरांग काया मंडळींकडून करार करून घेतला: माल फक्त आम्हालाच विकायचा. बाकीच्यांनी सही केलीच नव्हती. शिवाय डच जहाजांतून येई लोकरीचे जाड कापड. विषुववृत्ताजवळच्या माणसाने ते पांघरायचे कधी? पोटाला तांदूळ हवा, म्हणून बांदाकर जुन्या गिऱ्हाइकांना आणि इंग्रजांनाही माल देत राहिले. डचांनी त्याला करारभंग ठरवले. १६०९ साली बांदाकरांनी डच सेनानी व्हेरहूफ याला दबा धरून मारले. १६२१ साली यान पीटरझून कून आरमार घेऊन उतरला. ४४ ओरांग काया जपानी भाडोत्री शिपायांकडून कापले गेले. सुमारे पंधरा हजारांच्या वस्तीतले हजारभरच बेटांवर उरले, असा अंदाज सांगितला जातो. काही गुलाम म्हणून बटाव्हियाला गेले, काही केई बेटांवर पळाले. तिथल्या बांदा एली गावात बांदाची भाषा अजून बोलली जाते, खुद्द बांदात नाही.

पुढे बागांचे ६८ तुकडे पाडून ते डच माणसांना दिले. राबायला बाहेरून गुलाम आणले. खरेदीचा भाव कंपनी ठरवी. बी रुजू नये म्हणून जायफळ चुन्यात बुडवून पाठवीत. १६६७ च्या तहात इंग्रजांनी रुन बेटावरचा हक्क सोडला आणि न्यूयॉर्कचे मॅनहॅटन त्यांच्याकडे राहिले. पण रोपे चोरून बाहेर गेलीच: १७७० च्या सुमारास फ्रेंचांनी मॉरिशसला, पुढे इंग्रजांनी पेनांगला नेली. १७९९ मध्ये कंपनी बुडाली, बेटांवर डच अंमल मात्र विसाव्या शतकापर्यंत टिकला. मोहम्मद हत्ता आणि सुतान शहरीर या स्वातंत्र्यसैनिकांना १९३६ मध्ये याच बांदा नेइरावर हद्दपार केले होते.

आपल्या जलशांतून हा इतिहास केवळ जुलमाची कहाणी म्हणून सांगितला जातो. जुलूम होताच, आणि तोफांपुढे बांदाकरांचे काही चालले नसते. पण तोफांना निमित्त दिले त्या कागदाने. हे व्यापाराचे पान असल्याने आम्ही त्या कागदाकडे बोट दाखवितो.

कोकणात आता जायफळ नवे राहिलेले नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण सुगंधा', 'कोकण स्वाद' या जाती दिल्या आणि नारळ-सुपारीच्या बागांत ती झाडे उभी राहिली. आमचे अनेक बांधव अशा बागांचे मालक आहेत. व्यापारी दारात येऊन उचल देतो आणि पुढील हंगामांचा सगळा माल लिहून मागतो, तेव्हा उचल घेण्यास आमची हरकत नाही. मात्र सगळा माल एकाला लिहून देऊ नये. निम्मा मोकळा ठेवावा. भाव आजच ठरणार की तोडणीच्या वेळचा, हे कागदावर यावे. सही करणाऱ्याने भावाबहिणींचा हिस्सा असलेली बाग एकट्याने गुंतवू नये. आणि जायपत्रीला जायफळापेक्षा चढा भाव मिळतो, तेव्हा ती वेगळी वाळवावी, वेगळी तोलावी. एकाच वजनात देऊन टाकू नये.