लोकलहोस्ट, मु. पो. भंडारा

जगात फक्त एकाच माणसाला दिसेल अशी वेबसाइट कधी बनवलीय? मी बनवली. तीही पुण्याच्या एसी कॅफेत बसून नव्हे, तर भंडाऱ्यात, काकाजींच्या पडवीत, कूलरच्या घरघराटात!

काकाजींचं मूळ गाव पवनी तालुक्यातलं, वैनगंगेच्या काठचं. १९८८ मध्ये गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली आणि पुढे ते गाव बुडितात गेलं. काकाजींनी वहीत त्याच्या नोंदी केल्यात. कोणाचं घर कुठे, विहीर कोणाची, कोणी कोणाचे पैसे बुडवले... "नातवाइले वाचता आलं पायजे, पन गावभर बोभाटा नको गा," ही त्यांची अट. म्हणजे इंटरनेट बाद!

मग आठवला जँगो. आम्हा मास कॉमवाल्यांना आवडेल असा किस्सा म्हणजे हा फ्रेमवर्क जन्मला चक्क एका पेपरच्या ऑफिसात, अमेरिकेतल्या 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड'मध्ये, २००३ साली. २००५ मध्ये तो सगळ्यांना फुकट खुला झाला.

नेट लागलं ते एकदाच, मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून पायथन आणि जँगो उतरवण्यापुरतं. मॉडेल साधं. शीर्षक, मजकूर, तारीख-वेळ. मायग्रेट केलं, रनसर्व्हर म्हटलं, ब्राउझरमध्ये १२७.०.०.१:८००० टाकलं. हा पत्ता म्हणजे मशीननं स्वतःलाच मारलेली हाक, बाहेरच्याला तिथे एन्ट्रीच नाही. लिहायचं पानही बनवावं लागलं नाही, जँगोचा अॅडमिन आयता मिळतो.

काकाजी पहाटे चारला उठून टाइप करायचे. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "काहून गा, हे कालची तारीख दावते?" सेटिंगमध्ये टाइम झोन यूटीसी, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे! तिथे एशिया/कोलकाता केलं. (एवढ्या वर्षांत माझी चूक पकडणारा पहिला सब-एडिटर वयाच्या सत्तरीत भेटला.)

अकराव्या दिवशी मी घोळ घातला. मोहल्ल्याचं नाव वेगळं नोंदवावं म्हणून मॉडेलमध्ये एक रकाना वाढवला. जँगो विचारायला लागला, जुन्या नोंदींत इथे काय भरू? एक रिकामं डीफॉल्ट दिलं असतं तर विषय संपला असता. पण मी वैतागून शॉर्टकट मारला. डेटाबेसची फाइल उडवून नवी बनवली. एसक्यूलाइटमध्ये सगळा डेटा त्या एकाच फाइलमध्ये असतो, हे मला माहीत होतं यार! बॅकअप शून्य.

वहीतलं परत टाइप करता येणार होतं. पण बऱ्याच नोंदी काकाजींनी थेट कीबोर्डवर, आठवून आठवून केल्या होत्या. सांगताना माझ्या घशाला कोरड पडली. ते चिडले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, "कोन्त्या कोन्त्या गेल्या, तेवढं तरी सांग." मला एकही सांगता येईना. मी त्या वाचल्याच नव्हत्या, फक्त सर्व्हर चालू आहे ना बघत होतो.

आता रोज रात्री ती फाइल पेनड्राइव्हवर कॉपी होते आणि पेनड्राइव्ह काकीच्या हळदीकुंकवाच्या डब्यात जातो. नव्यानं लिहिलेली प्रत्येक नोंद काकाजी मला मोठ्यानं वाचायला लावतात. तेवीस परत आठवल्यात. कुंभाराच्या विहिरीवर काहीतरी लिहिलं होतं एवढं त्यांना आठवतं, काय ते नाही.