लंगोट किती घ्यायचे?

प्रसूती कक्षातली सकाळची फेरी संपत आली, की घरी जायच्या तयारीत असलेल्या खाटांपाशी मी थोडा जास्त वेळ थांबतो. खरे प्रश्न तिथेच विचारले जातात. परवा एका तरुण बापाने विचारलं, "सर, लंगोट किती घेऊ? दुकानदार चार डझन म्हणतोय. आई म्हणते, एक डझन पुष्कळ. आणि ही म्हणते, डायपरच आणा." बाळ तिसऱ्या दिवसाचं होतं. खाटेच्या दांडीवर जुन्या साडीचे दोन तुकडे वाळत टाकलेले होते, तेवढीच काय ती तयारी. आपल्याकडे बऱ्याच घरांत बाळ जन्माला येण्याआधी त्याच्यासाठी काही आणत नाहीत. मग ते जन्मलं की एकच धावपळ उडते आणि बारशाला झबली-टोपड्यांचा ढीग पडतो. त्यातली निम्मी दोन महिन्यांत अपुरी होतात. लंगोट मात्र कोणी आहेर म्हणून आणत नाही.

मी त्याला उलट विचारलं, "घरी कपडे वाळायला किती वेळ लागतो?"

तो हसला. पण लंगोटांचा आकडा बाळावर जितका ठरतो, त्याहून जास्त दोरीवर ठरतो. नवजात बाळ दिवसाला दहा-पंधरा वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा शू करतं. त्यात शीची भर. साधा एकपदरी लंगोट एका वेळेलाच ओला होतो, म्हणजे चोवीस तासांत १२ ते १५ लंगोट लागतात असं धरा. रोज एकदाच धुणं होत असेल, तर एक दिवसाचे अंगावर, एक दिवसाचे दोरीवर आणि चार-पाच हाताशी. अकोल्याला किंवा नागपूरला एप्रिलमध्ये मलमलीचा लंगोट तासा-दीड तासात कडकडीत वाळतो. तिथे दोन वेळा धुतलं तर दीड डझनात भागतं. तेच बाळ जुलैत रत्नागिरीला किंवा मुंबईतल्या चाळीत जन्मलं, तर कापड दोन दोन दिवस दमट राहतं आणि साडेतीन डझनही अपुरे वाटतात. एरवीच्या हवेत, सर्वसाधारण घरात अडीच डझन पुरतात. दुकानदाराचा आकडा पावसाळ्याचा होता आणि आजीचा उन्हाळ्याचा. खोटं कोणीच बोलत नव्हतं.

हे सगळे विकतच घ्यायला हवेत असं नाही. जुन्या सुती नऊवारीतून हातभर चौकोनी तुकडे काढले, तर दोन डझन लंगोट सहज निघतात आणि पाचवारीतून दीड डझन. धुऊन धुऊन मऊ झालेल्या त्या कापडाइतकं पाणी टिपणारं नवं कापड मिळणं कठीण. अडचण अशी, की आजच्या तिशीतल्या आईच्या कपाटात सुती साडी नसते, असते ती सिंथेटिक. सिंथेटिक कापड पाणी टिपत नाही, नुसतं पसरवतं. मग आजी आपलं ठेवणीतलं लुगडं काढते किंवा आजोबांचं धोतर कामी येतं. तेही नसेल, तर मलमलीचा किंवा साध्या सुती कापडाचा तागा घेऊन फाडावा. गडद रंगाचं कापड टाळा. पांढरं किंवा फिकं हवं. का ते पुढे सांगतो.

इथवरचा हिशेब कोणतीही अनुभवी आजी माझ्यापेक्षा चांगला मांडेल. मला डॉक्टर म्हणून बोलायचं आहे ते वेगळ्या आकड्याबद्दल. लंगोट किती घेतले याला माझ्या लेखी फारसं महत्त्व नाही. पहिल्या दोन आठवड्यांत रोज किती ओले झाले, याला आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे नऊ दिवसांचं एक बाळ आणलं. पहिलटकरीण, सुशिक्षित, घरचं चांगलं. बाळ "फार शहाणं" होतं, म्हणजे रडत नव्हतं, झोपूनच असायचं. जन्माच्या वेळी तीन किलो होतं, ते काट्यावर दोन किलो चारशे ग्रॅम भरलं. ओठ कोरडे, टाळू खोल गेलेली, रक्तातलं सोडियम धोक्याच्या पातळीवर. स्तनावर बाळ नीट लागतच नव्हतं, त्यामुळे पोटात दूध जात नव्हतं. मी विचारलं, "शू किती वेळा करायचं?" आई गोंधळली. म्हणाली, "दिवसाला तीन-चार डायपर बदलतो ना आम्ही." डायपर ठरल्या वेळी बदलले जात होते. त्यात काय होतं, काय नव्हतं, हे कोणी पाहिलं नव्हतं. डायपरमधली रसायनाची पूड ओल शोषून घेते आणि वरचा पदर कोरडा ठेवते, तिचं कामच ते. पहिल्या दिवसांतली चमचा-दोन चमचे शू त्यात कुठे गेली, कळतही नाही. ते बाळ वाचलं. पण वाढलेलं सोडियम फार सावकाश खाली आणावं लागतं, घाई केली तर मेंदूला सूज येऊ शकते. ते चार दिवस त्या आईने खुर्चीत बसून काढले. साधा लंगोट असता तर तिसऱ्या-चौथ्या दिवशीच आजीने विचारलं असतं, "अगं, आज दोरी रिकामी कशी?"

मोजणी अगदी सोपी आहे. पहिल्या दिवशी एक ओला लंगोट पुरे, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन. चीक थोडाच येतो आणि तेवढाच बाळाला लागतो, म्हणून सुरुवातीचे आकडे लहान असतात. पाचव्या-सहाव्या दिवसापासून मात्र चोवीस तासांत निदान सहा चांगले ओले लंगोट झालेच पाहिजेत. बहुतेक बाळांचे त्याहून कितीतरी जास्त होतात. शीचा रंगही याच दिवसांत बदलतो. आधी काळी, डांबरासारखी चिकट, मग हिरवट, आणि पाचव्या दिवसाच्या आसपास मोहरीच्या वाटणासारखी पिवळी, दिवसातून तीन-चार वेळा किंवा अधिक. आईचं दूध पिणाऱ्या बाळाची शी पातळ असते, ते जुलाब नव्हेत. पाचवा दिवस उलटला तरी शी काळीच असेल आणि लंगोट कोरडे असतील, तर दूध पोटात जात नाही असं समजून त्याच दिवशी बाळाला आणा. दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

ही मोजणी उलट बाजूनेही उपयोगी पडते, आणि तो उपयोग मला जास्त मोलाचा वाटतो. "दूध पुरत नाही हो," हे वाक्य माझ्या बाह्यरुग्ण विभागात रोज ऐकू येतं. बाळ रडलं की सासू म्हणते पुरत नाही, शेजारीण म्हणते पुरत नाही, आणि आठव्या दिवशी पावडरचा डबा घरात येतो. मी विचारतो, "काल किती लंगोट धुतले?" उत्तर येतं, "अहो, बारा-तेरा तरी असतील." मग पाणी आलं कुठून? वरचं पाणी देत नाही ना, मग ते आईच्या दुधातूनच आलं. काट्यावर बाळाचं वजन करून दाखवलं की तर उरलेली शंकाही जाते. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं, दहा टक्क्यांपर्यंतही, आणि दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनाला परत येतं. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी घरी येतात, त्यांना वजन करायला सांगा. आणि लंगोटांचा आकडाही सांगा. नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात आम्ही लंगोट काट्यावर तोलून लघवी मोजतो. घरी काट्याची गरज नाही, बोटांवर मोजलं तरी चालतं.

आता पांढऱ्या कापडाचं. नवजात बाळाची शू जवळजवळ बिनरंगाची असते. सुरुवातीच्या दोन-तीन दिवसांत कधी विटकरी-गुलाबी डाग दिसतो, ते क्षार असतात. पण पाचव्या दिवसानंतरही तो दिसला, तर दूध कमी पडतंय का ते तपासायला हवं. मुलींमध्ये पहिल्या आठवड्यात रक्ताचा ठिपका दिसू शकतो, आईच्या संप्रेरकांचा तो परिणाम असतो. घाबरू नका. घाबरायचं ते वेगळ्याच दोन रंगांना. कावीळ दोन आठवडे उलटूनही गेली नाही, शूचा पिवळा डाग लंगोटावर उमटतोय, आणि शी पांढरट, खडूसारखी किंवा राखाडी होतेय, तर पित्त आतड्यात उतरत नाही असा त्याचा अर्थ असू शकतो. पित्तनलिका बंद असण्याच्या या आजारात शस्त्रक्रिया दोन महिन्यांच्या आत झाली तर यकृत वाचण्याची शक्यता बरीच जास्त असते. त्यानंतर ती कमी कमी होत जाते. "कोवळ्या उन्हात धरा, जाईल कावीळ," या सल्ल्यात ते दोन महिने निघून गेलेली बाळं मी पाहिली आहेत. त्यांच्या आयांनी रंग पाहिला होता, त्याचा अर्थ त्यांना कोणी सांगितला नव्हता.

याचा अर्थ मी डायपरच्या विरोधात आहे, असा काढू नका. चांगल्या डायपरमध्ये कातडी कोरडी राहते, आणि वेळच्या वेळी बदलला तर पुरळही कमी उठतं, हे मान्य करायला हवं. प्रवासात, रात्रीच्या झोपेसाठी, आई आजारी असताना तो जरूर वापरा. काही डायपरवर ओल लागली की रंग बदलणारी रेघ असते. ती ओलं झाल्याचं सांगते, किती वेळा ते सांगत नाही. माझं म्हणणं एवढंच, की पहिले दोन आठवडे, बाळ जन्माच्या वजनावर परत येईपर्यंत, दिवसा तरी कापड असू द्या. त्यानंतर तुमची सोय.

सोयीचा विषय निघाला की पाण्याबद्दल आणि हातांबद्दल बोलावं लागतं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. टँकरची वाट पाहणाऱ्या गावात रोज पंधरा लंगोट धुवा, हे शहरातल्या डॉक्टरने सांगणं सोपं आहे. तिथे मी निम्मे लंगोट आणि रात्रीचा डायपर असा मध्यममार्ग सुचवतो. पाणी नाही म्हणून नुसते ओले लंगोट न धुता वाळवून पुन्हा बांधतात. ते मात्र करू नका, लघवीचा अंश कातडी जाळतो. आणि हात कोणाचे? लंगोट धुणारी व्यक्ती बहुतेक घरांत एक तर बाळंतीण असते, नाही तर तिची आई. माझ्या मुलीच्या वेळी मी स्वतः एकही लंगोट धुतला नाही. आयांना स्वच्छतेवर व्याख्यानं देत होतो आणि घरी सासूबाई मोरीत बसलेल्या असायच्या. म्हणून त्या तरुण बापाला मी सांगितलं, की धुणार तुम्ही असाल तर किती घ्यायचे ते तुम्ही ठरवा. बायको धुणार असेल तर तिला विचारा.

धुण्यात फार कसरत नाही. शी आधी काढून टाकून लंगोट गार पाण्यात खळबळून घ्या, मग साबण, मग दोनदा स्वच्छ पाणी. साबणाचा अंश राहिला तर कातडी लाल होते. जंतुनाशकाची गरज नाही, ऊन पुरे. कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव्य घालू नका, त्याने कापडाची टिपण्याची ताकद कमी होते. पावसाळ्यात शेवटची ओल इस्त्रीने घालवा. शेगडीवर दोरी बांधून लंगोट वाळवणं आणि त्याच बंद खोलीत बाळ-बाळंतीण झोपवणं धोक्याचं आहे. भाजण्याइतकीच निखाऱ्यांच्या धुराची भीती असते. लंगोट नाळेच्या खाली आणि सैल बांधा, पाय बेडकासारखे दुमडलेले राहू द्या. पाय सरळ ताणून घट्ट गुंडाळल्याने खुब्याचा सांधा नीट बसत नाही.

तीन-चार महिन्यांनी शूच्या वेळा कमी होतात आणि लंगोट उरायला लागतात. काही पुसायला जातात, बरे असलेले पुढच्या बाळासाठी ट्रंकेत. तिथे एक चूक होते. कपड्यांना कसर लागू नये म्हणून आपण डांबरगोळ्या टाकतो. त्यातल्या नॅप्थॅलिनची वाफ कापडात मुरते, आणि ते कापड नवजात बाळाच्या अंगाला लागलं, तर जी-६-पी-डी नावाचं विकर कमी असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी फुटायला लागतात. कावीळ इतकी झपाट्याने चढते, की ती मेंदूपर्यंत पोचू शकते. हा दोष बाळात आहे की नाही, हे जन्मताना दिसत नाही, आणि आपल्याकडच्या काही समाजांत तो चांगलाच आढळतो. मुलग्यांमध्ये जास्त. मोठ्या जावेच्या मुलाचे लंगोट, दुपटी, स्वेटर घरात फिरत असतील, तर पहिला प्रश्न गोळ्यांचा विचारा. गोळ्यांत ठेवलेले कपडे नवजात बाळाला घालूच नका, धुऊनही नकोत. ठेवताना ते कोरडे करून सुती पिशवीत बांधा आणि कडुलिंबाचा वाळलेला पाला पिशवीच्या बाहेर ठेवा.