गायन ऐकणे हा शीलभंग काय?

चैत्र सरून वैशाख लागला की, कर्जत-खालापूरच्या वस्त्यांतून सायंकाळी ढोलकीचा नाद कानी येऊ लागतो. १४ एप्रिलच्या जयंतीपासून बुद्ध पौर्णिमेपर्यंत, आणि पुढेही पहिला पाऊस पडेतो, आज नेरळ, उद्या कडाव, परवा खोपोली असे गायनाचे कार्यक्रम चालू असतात. दिवसभर तापलेली जमीन निवू लागते, विहारापुढे ताडपत्र्या अंथरल्या जातात, आणि कल्याण-उल्हासनगरकडून लोकलने आलेली गायन पार्टी पेटीचा सूर धरते. नेमक्या याच दिवसांत नवदीक्षित घरांतून आम्हांस एक प्रश्न विचारला जातो. ज्यांनी जुने देव, जत्रा आणि रात्रभर चालणारी भजने सोडली, त्यांनी मुलाबाळांसह गाणे ऐकावयास बसावे काय? हा शीलभंग नव्हे काय?

वाचक बंधुभगिनींनो, हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. त्यामागे धम्माविषयीचा आदर आहे, तशी एक जुनी जखमही आहे. आपल्या पूर्वजांपैकी अनेकांना गाणे-वाजविणे आवडीपेक्षा लाचारीने करावे लागले. तमाशाच्या फडांत नाचणाऱ्या-गाणाऱ्या स्त्रिया बहुधा महार, मांग, कोल्हाटी घरांतल्या असत, आणि समोर बसून पैसे उधळणारे गावचे प्रतिष्ठित असत. ते पाहिलेल्या आजीने आपल्या नातीला ढोलकीपासून दूर ठेवले, तर तिला दोष कोणत्या तोंडाने द्यावा?

परंतु शीलाचा प्रश्न शीलाच्या आधारानेच सोडविला पाहिजे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी आपल्या अनुयायांना पंचशील दिले. त्या पाच शीलांत गायन-वादनाचा निषेध कोठेही नाही. नृत्य, गीत, वाद्य व खेळतमाशे यांपासून विरत राहण्याचे शील आहे, ते अष्टशीलातील; उपोसथाच्या दिवशी जो उपासक वा उपासिका स्वेच्छेने ते ग्रहण करील, त्याने वा तिने त्या दिवसापुरते ते पाळावयाचे असते. श्रामणेर व भिक्षू यांना ते नित्याचे आहे. तेव्हा गृहस्थाने एरवी गाणे ऐकल्यास शीलभंग होतो, हे म्हणणे निराधार आहे. मात्र यातून एक गोष्ट निघते, आणि ती आमच्या उत्सव समित्यांना फारशी रुचणार नाही. बुद्ध पौर्णिमा हा स्वतःच उपोसथाचा दिवस आहे. त्या दिवशी वस्तीतील वृद्ध मंडळी अष्टशील घेऊन विहारात बसली असताना दाराशीच कर्णे लावणे उचित नव्हे. पौर्णिमेची सायंकाळ वंदना आणि प्रवचन यांसाठी राखावी. गायन दुसऱ्या दिवशी ठेवल्याने काहीही बिघडत नाही.

तथागतांस संगीताचे वावडे होते, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी दीघनिकायातील सक्कपञ्ह सुत्त अवश्य वाचावे. राजगृहाजवळच्या इंदसाल गुहेत भगवान बसले असता पञ्चसिख नावाचा गंधर्व वीणा घेऊन येतो आणि गाऊ लागतो. त्याचे गीत चक्क प्रेमगीत आहे; प्रेयसीच्या आठवणीतच बुद्ध, धम्म व अर्हत यांची स्तुती तो गुंफतो. भगवान त्याला हाकलून देत नाहीत. तारांचा स्वर गीताशी आणि गीताचा स्वर तारांशी चांगला जुळला आहे, अशी दाद ते देतात. अतिश्रमाने खचलेल्या सोण नामक भिक्षूची समजूत घालतानाही त्यांनी दृष्टांत घेतला तो वीणेचा. तार फार ताणली तरी ती वाजत नाही आणि फार सैल सोडली तरी वाजत नाही. वीणेचे मर्म ठाऊक नसलेल्या मनुष्यास हा दृष्टांत सुचला नसता.

याच्या उलट बाजूचा दाखलाही लपविणे बरे नाही. संयुत्तनिकायात तालपुट नावाचा एक नटप्रमुख येतो. लोकांना हसविणाऱ्या नटाला मरणोत्तर कोणती गती मिळते, असे तो पुनःपुन्हा विचारतो. भगवान उत्तर देण्याचे टाळतात. शेवटी स्पष्ट सांगतात की, जो प्रेक्षकांच्या मनातील लोभ, द्वेष व मोह भडकवितो, त्याची गती चांगली नाही. तालपुट रडला, पुढे भिक्षू झाला आणि अर्हतपदास पोहोचला. ऐकावे काय आणि काय ऐकू नये याची कसोटी येथे हाती लागते.

आणि हे सारे दूरच्या मगधातलेच आहे असेही नाही. कर्जतपासून जवळच, राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात कोंडाणे लेणी आहेत. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास ती कोरली गेली. तेथील चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर नृत्यमग्न स्त्री-पुरुषांच्या जोड्या कोरलेल्या आहेत. घाट चढून मळवलीस उतरलात, तर भाजे येथील विहारात एक स्त्री वाद्यावर ताल धरून बसली आहे व दुसरी नाचते आहे, असे शिल्प दिसेल. ज्या उपासकांनी आपल्या कष्टाचे द्रव्य या कोरीव कामासाठी दान दिले, त्यांना भिक्खूसंघाच्या निवासाशेजारी नृत्य-वाद्य कोरणे अनुचित वाटले नाही. सुटीत मुलांना येथे न्यावे. ऊन चढण्यापूर्वी परत फिरावे, एवढी काळजी मात्र घ्यावी.

आपल्या चळवळीचा इतिहास तर गाण्यावाचून सांगताच येत नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापला. त्याच्या जलशांनी खेड्यापाड्यांत विचार नेला. त्याच वाटेने भीमराव कर्डकांसारखे आंबेडकरी जलसेकार निघाले. तमाशाचा साचा त्यांनी घेतला आणि त्यातील लाचारी टाकून दिली. एक जलसा आपल्या अनेक सभांच्या तोडीचा आहे, असे बाबासाहेब म्हणत, अशी आठवण जुनी मंडळी सांगत आली. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांना अक्षरओळख झाली ती मोठेपणी, मुंबईत. पण त्यांची गीते आज ज्यांना सही करता येत नाही त्यांनाही मुखोद्गत आहेत. शाहीर विठ्ठल उमप यांनी नोव्हेंबर २०१० मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवर, कार्यक्रमाच्या मंचावरच, देह ठेवला.

असे असता आज आमच्या कित्येक वस्त्यांत या गायकांची जागा डीजेच्या भिंतींनी घेतली आहे. वर्गणी गोळा होते घरोघरच्या मजुरीतून, आणि त्यातील मोठा वाटा ध्वनियंत्रणेच्या भाड्यात जातो. त्या आवाजात शब्द कळत नाही, तान्हे मूल दचकते, हृदयविकाराचा रोगी दार लावून बसतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकास उघड्यावर बंदी आहे; राज्य शासनास वर्षातून अधिकाधिक १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. कायद्याच्या राज्यासाठी ज्यांनी संविधान घडविले, त्यांच्याच जयंतीस नियम मोडावा लागणे, हे आम्हांस लाजिरवाणे वाटते. शेजारच्या शेतघरांत मुंबईकर पाहुणे पहाटेपर्यंत धिंगाणा घालतात, ही सबब पुढे केली जाते. ती सबब खरी आहे. तिच्याविरुद्ध तक्रार करावयाची असेल, तर आपले कर्णे १० वाजता बंद झालेले असले पाहिजेत.

जिवंत गायनाचा आनंद काही निराळाच. समोरचा गायक श्रोत्यांचे चेहरे पाहून कडवे बदलतो, वस्तीतील ताज्या घटनेवर तेथल्या तेथे चार ओळी रचतो, कोरस चुकला तर हसून सावरून घेतो. यंत्राला हे साधत नाही. पण या आनंदाची किंमत चुकती केली पाहिजे. रात्रभर घसा फोडलेल्या कलावंताला पहाटेच्या गाडीपर्यंत कर्जतच्या फलाटावर उपाशी बसावे लागते, ठरलेल्या मानधनातून दोन-चारशे कापून घेतले जातात, हे आम्ही पाहिले आहे. बिदागी कार्यक्रमापूर्वी हाती द्यावी. जेवण पाहुण्यांच्या पंगतीत द्यावे. गायिकेच्या अंगावर नोटा उधळणे तर कायमचे बंद करावे, कारण फडावरच्या त्या जुन्या प्रतिष्ठितांची नक्कल आपण करावी, हे अत्यंत खेदकारक आहे. सवाल-जवाबाच्या नावाखाली द्वयर्थी गाणी सुरू झाली, तर अध्यक्षांनी उठून ती थांबवावी; तालपुटाची गोष्ट त्यांना ठाऊक असावी.

आणखी एक. स्त्रिया मागे, अंधारात, चपलांपाशी बसतात. पुढच्या खुर्च्या पुढाऱ्यांसाठी रिकाम्या असतात. यंदा पुढची ताडपत्री माता-भगिनींना द्या. पार्टीचे गायन सुरू होण्यापूर्वी वस्तीतील मुलींना अर्धा तास द्या. पेटी येत नसली तरी त्या टाळ्यांवर गातील. जवळच्या ठाकर व कातकरी वाड्यांनाही निमंत्रण पाठवा. त्यांचे ढोल आणि नाच यांना आपण कधी आदराने बोलावले आहे काय? समित्यांच्या बैठका बहुधा मार्चअखेरीस होतात. त्या बैठकीत घरातील एका तरी स्त्रीने जावे आणि डीजेचे भाडे किती व गायकाची बिदागी किती, हे दोन्ही आकडे सर्वांसमोर वाचून दाखविण्यास सांगावे.