बायोलॉजी घेतली म्हणजे फक्त नीट नव्हे

बारावीला बायोलॉजी घेतली की आपल्या घरांत पुढचा शब्द ठरलेला असतो: नीट. नाही जमलं तर एक वर्ष ड्रॉप, मग दुसरं. एमबीबीएस नाही तर बीयूएमएस, तेही नाही तर डी.फार्म. मानसशास्त्र तर आर्ट्सवाल्यांचा विषय, लग्न ठरेपर्यंत मुलींनी शिकायचा! या दोन समजुतींच्या मधे न्यूरोसायन्स, म्हणजे मेंदूचं विज्ञान, आपल्या मुलांना दिसतच नाही.

२०१४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं. आपण कुठे आहोत हे मेंदूला कसं कळतं, हे त्यांनी उंदरांच्या मेंदूतल्या एकेका पेशीचे विद्युत संकेत नोंदवून शोधलं. त्यातल्या जॉन ओकीफ यांची पीएचडी मानसशास्त्रातली. मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर हे दोघेही ऑस्लो विद्यापीठात मानसशास्त्रच शिकलेले. शिक्षण मनाचं, काम पेशींवर.

आपल्याकडे पदवीला 'न्यूरोसायन्स' हे नाव क्वचितच सापडतं, ते शोधत बसू नका. नव्या शैक्षणिक धोरणात मेजर आणि मायनर विषय घेता येतात, चौथं वर्ष संशोधनाला देता येतं. माझं मत स्पष्ट आहे: मेजर झूलॉजी, लाइफ सायन्स किंवा बायोकेमिस्ट्री, मायनर मानसशास्त्र. पुस्तकं वाचून मानसशास्त्राची उणीव बरीच भरून निघते (मानसशास्त्रवाले रागावतील, रागावू देत), पण प्रयोगशाळेत हात बसायचा तर प्रयोगशाळाच लागते. मात्र तुम्हाला रुग्णांसमोर बसायचं असेल, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं असेल, तर मेजर मानसशास्त्रच हवं. पुढे भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि नोंदणीही लागते. म्हणजे हा फाटा प्रवेशाआधीच फुटतो.

माहितीपत्रकात सगळंच मिळतं. कॉलेजात जाऊन वेळापत्रक मागा. सायन्सचं प्रॅक्टिकल आणि मानसशास्त्राचं लेक्चर एकाच वेळी असेल तर ते मायनर कागदावरच राहणार.

पुण्याच्या आयसरमध्ये पाच वर्षांचा बीएस-एमएस आहे. तिथे प्रवेश नीटने नव्हे, आयएटी या परीक्षेने मिळतो. आपल्या क्लासेसमध्ये तिचं नावही निघत नाही.

आणि पहिल्याच वर्षी संख्याशास्त्र आणि पायथन शिका. मी सॉफ्टवेअरमधला, तेव्हा ही जाहिरात वाटेल. पण आज शेकडो पेशींची नोंद एकाच वेळी होते. ती वही-पेनाने कोण वाचणार?

आता पैशाचं. तीन वर्षांत न्यूरोसायन्सची नोकरी लागेल असं अब्बूंना सांगू नका, लागणार नाही. हा रस्ता पीएचडीपर्यंत जातो, नऊ-दहा वर्षांचा. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के गुण असतील तर एमएस्सी न करता थेट पीएचडीला अर्ज करता येतो, आणि जेआरएफ मिळाली तर महिना ३७,००० रुपये. घर तुमच्या पगाराची वाट बघत असेल तर हा हिशोब आधीच मांडा. मधेच थांबावं लागलं तरी संख्याशास्त्र आणि पायथनवर दुसरं काम शोधता येतं.

आपल्या मोहल्ल्यांत आजही फिट आली की आधी झाडफूक होते, गोळी नंतर. नैराश्याला जिन्नाचं नाव मिळतं. २००१ मध्ये तमिळनाडूतल्या एरवाडीत, दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका आश्रमात आग लागली. साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण गेले. अशा घरांत जाऊन, अम्मीच्या भाषेत, मेंदूत काय बिघडलंय हे समजावणारी माणसं आपल्यात किती आहेत?

मुलीला बाहेरगावी पाठवणार नाही म्हणणाऱ्या घरांसाठी एक नाव: विदिता वैद्य. पदवी मुंबईच्या सेंट झेवियर्सची, लाइफ सायन्स आणि बायोकेमिस्ट्री. पीएचडीला येल. लहानपणीचा ताण मेंदूवर काय ठसा ठेवतो, नैराश्यावरची औषधं आत नेमकं काय करतात, हे त्या शोधतात. त्यांची प्रयोगशाळा कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये आहे, मुंब्र्याहून लोकल आणि पुढे बस.