विज्ञानकथेची गाडी भुसावळला का थांबत नाही?

डॉ. जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले आणि ‘यक्षांची देणगी’, ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’ ही नावे पुन्हा तोंडी आली. ते योग्यच झाले. एक प्रश्न मात्र मागे राहिला: नारळीकरांनंतर काय वाचायचे?

भुसावळच्या वाचकाला हा प्रश्न अधिक टोचतो. नागपूर आणि इटारसीकडचे फाटे इथे फुटतात, रात्रंदिवस गाड्या धावतात. पण दादरची किंवा अप्पा बळवंत चौकातली दुकाने चाळून पुस्तक निवडण्याची चैन इथे नाही. अर्थात, आता पुस्तक घरपोच येते. अडचण ते मिळण्याची नाही. मागवायचे कोणते, हे कळण्याची आहे.

मराठीत नवे कोणी लिहीतच नाही, हा समज सोयीचा असला तरी खरा नाही. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत १९७४ साली ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने आलेली ‘कृष्णविवर’ पहिली आली. ती नारळीकरांची होती. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी ही वाट रुंद केली. पुढे मेघश्री दळवी, स्मिता पोतनीस यांच्यासारख्या लेखिका आल्या. ‘नवल’, ‘धनंजय’ यांसारख्या दिवाळी अंकांनी विज्ञानकथेला आणि अद्भुतकथेला जागा दिली.

खोट आहे ती पुढच्या टप्प्यात. दिवाळी अंक कार्तिकात हातोहात फिरतो आणि होळीपर्यंत रद्दीत जातो. त्याबरोबर कथाही जाते. ‘हॅरी पॉटर’ मराठीत आला, मुलांनी तो वाचला. पण त्या मुलांच्या हाती पुढचे पुस्तक कोणी ठेवायचे?

चीनचे उदाहरण बोलके आहे. लिऊ त्सिशिन यांची ‘थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ ही कादंबरी २००६ मध्ये छंगतू येथून निघणाऱ्या एका विज्ञानकथा मासिकात क्रमशः आली, २००८ मध्ये पुस्तक झाली, २०१४ मध्ये इंग्रजीत गेली आणि २०१५ मध्ये तिला ह्यूगो पुरस्कार मिळाला. मासिक, पुस्तक, अनुवाद अशी ती साखळी होती. आपल्याकडे पहिली कडी आहे, पुढच्या निखळलेल्या आहेत.

त्या जोडायला नवी सरकारी योजना नको. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने अनुदानित वाचनालयांचे जाळे खानदेशात आहेच. वाचनालये दिवाळी अंकांची योजना चालवतात. अंक फडताळात जाण्यापूर्वी त्यातल्या विज्ञानकथा आणि अद्भुतकथांची नोंद एका वहीत करावी: लेखक, अंक, वर्ष, दोन ओळींचा अभिप्राय. जळगाव-धुळ्याच्या वाचनालयांनी या वह्या एकमेकांना द्याव्यात, वर्षातून एकदा जिल्हा ग्रंथोत्सवात यादी लावावी आणि तीच खरेदी समितीपुढे ठेवावी. अशी मागणी दिसली, तर प्रकाशकालाही संग्रह काढण्याचे धैर्य येईल.

हा केवळ करमणुकीचा प्रश्न नव्हे. भुसावळचा पंधरा वर्षांचा मुलगा दीपनगरच्या चिमण्या पाहतो, पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा सोसतो, कृत्रिम बुद्धिमत्तेने बापाची नोकरी जाईल का, अशी चर्चा घरात ऐकतो. या साऱ्याचे उद्या काय होईल, याची कल्पना त्याला स्वतःच्या भाषेत वाचायला मिळाली नाही, तर तो ती इंग्रजीत शोधेल किंवा वाचनच सोडेल. यांपैकी दुसरी शक्यता अधिक आहे, आणि ती टाळायला सुरुवातीला एक वही पुरेशी आहे.